बोर्डावरचं बोलणं

"आज नको," विलास म्हणाला आणि पेपर घेऊन बाल्कनीत जाऊन बसला.

सरोजिनीने तोवर स्टूल मांडून त्यावर कॅरम ठेवला होता. वायरला लोंबणारा बल्ब खाली ओढला होता, पावडरही भुरभुरून झाली होती. ऑफिसात मार्चअखेरची गडबड असते, कंटाळला असेल, असं म्हणून तिने सोंगट्या पुन्हा डब्यात भरल्या. पण दुसऱ्या दिवशीही "आज नको" झालं आणि तिसऱ्याही. मग तिने स्टूल मांडायचं बंद केलं. तो आपणहून म्हणेल, असं तिला वाटत होतं. तो म्हणाला नाही.

दुसऱ्या एखाद्या घरात ही गोष्ट कुणाच्या लक्षातही आली नसती. या घरात मात्र कॅरम म्हणजे नुसता खेळ नव्हता.

लग्न झालं तेव्हा काळाचौकीच्या एका खोलीत सासूसासरे, दोन दीर, एक नणंद आणि हे दोघं राहायचे. नवराबायकोने बोलायचं कुठे? विलासला कॅरमचा नाद होता, ऑफिसच्या टीममधून तो खेळायचा. नवी नवरी घरात रुळते न रुळते तोच त्याने विचारलं, "तुला येतो का?"

"नाही."

"मग शिक."

गॅलरीत बोर्ड मांडून दोघं समोरासमोर बसायची. सुनेला पोरखेळाला लावलं म्हणून सासूबाई कुरकुरायच्या, पण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बसलेल्या जोडप्याला बोलणार तरी काय? सोंगट्यांच्या खटखटीत, नजर स्ट्रायकरवर ठेवून, ओठ जेमतेम हलवत ती दोघं बोलून घ्यायची. माहेरची आठवण येते, हे सरोजिनीने बोर्डावर सांगितलं. वडिलांच्या छातीच्या फोटोत डाग निघालाय, हे विलासने बोर्डावर सांगितलं. दिवस गेल्याचंही तिने तिथेच सांगितलं, तेव्हा त्याचा स्ट्रायकर बोर्डाबाहेर उडून खालच्या मजल्यावरच्या कुणाच्या तरी पापडांवर पडला होता. वाशीला घर घ्यायचं, हेसुद्धा तिथेच ठरलं.

वाशीच्या घरात दोन खोल्या होत्या, दार लावलं की कुणी ऐकणारं नव्हतं. मुलगी, जाई, कॉलेजात जायला लागली होती. तरी सवय काही मोडली नाही. विलास एरवी फार बोलणारा माणूस नव्हे. जेवताना "मीठ दे", निघताना "आज उशीर होईल", एवढंच. बोर्डावर बसला की मात्र माणूस उघडायचा. बेलापूरच्या सरकारी कचेरीत तो हेडक्लार्क होता. तिथला साहेब कसा चिडला, कुणाची बदली कुठे झाली, कोकणातल्या काकांचं काय चाललंय, सगळं एकेका सोंगटीबरोबर बाहेर यायचं. सरोजिनी मराठी शाळेत शिक्षिका. दिवसभर बोलून तिचा घसा सुकायचा, पण संध्याकाळी बोर्डावर बोलायचं बोलणं ती वेगळं राखून ठेवायची.

आता ते साठत चाललं. तिसरीतल्या एका मुलाने निबंधात "माझी आई खूप थकते" एवढं एकच वाक्य लिहिलं होतं, ते सांगायचं राहिलं. धाकट्या दिरांचा शाळेत फोन येऊन गेला, तो निरोप तिने सांगितला खरा, पण भाजी चिरता चिरता. विलास "बरं" म्हणाला आणि विषय संपला. बोर्डावर सांगितला असता तर त्यातून आणखी दहा गोष्टी निघाल्या असत्या.

कॅरम भिंतीला टेकून उभा होता. रविवारी झाडलोट करताना ती त्याच्यावरून फडकं फिरवायची. कधी घरात कुणी नसलं की आडवा करून एकटीच चारदोन सोंगट्या मारायची. सोंगटी खिशात पडली की समोर बघायची.

एकदा तिने जाईला बसवलं. जाई दोन डाव खेळली आणि कंटाळली. "आई, तू खेळताना इतकी गप्प का? बाबांबरोबर तर बडबड करायचीस."

"तुझा अभ्यास राहील, जा."

"बाबा का खेळत नाहीत पण?"

"विचार तूच."

"विचारलं मी. म्हणाले, मूड नाही."

विलासमध्ये इतरही बदल होत होते आणि सरोजिनी आपल्या परीने त्यांचे अर्थ लावत होती. तो चमच्याने जेवायला लागला. वरणभातसुद्धा. जन्मभर बोटं चाटून जेवणाऱ्या माणसाला हे काय सुचलं? साहेब लोकांबरोबर डबा खातो, त्यांचं बघून असेल. शर्ट सोडून तो डोक्यातून घालायचे टीशर्ट घालायला लागला. पन्नाशीला आल्यावर तरुण दिसायची हौस, तिने मनात म्हटलं, आणि त्या विचाराने तिला स्वतःलाच बरं वाटलं नाही. सोसायटीच्या मीटिंगचा रिपोर्ट दरवेळी तोच लिहायचा, सुंदर अक्षरात. तेही काम त्याने सोडून दिलं. सकाळी उठल्यावर तो बाथरूममध्ये बराच वेळ दार लावून बसायचा.

संध्याकाळी फिरायला जायचा तो अंधार पडेपर्यंत. एके दिवशी एकाच पायात चप्पल घालून परत आला. जाई हसून हसून लोटपोट झाली. "बाबा, दुसरी कुठे?"

विलासने खाली पाहिलं. क्षणभर त्याचा चेहरा पडला. मग तोही हसला. "निसटली असेल वाटेत. बंद जुना झाला होता."

सरोजिनी हसली नाही. पायातली चप्पल गेलेली कळू नये, इतकं याचं मन कुठे असतं? कुणात असतं?

हा प्रश्न एकदा मनात आला आणि मग जाईना. विलास तसा नव्हता, हे तिला माहीत होतं. पण माहीत असणं आणि बोर्डावर समोर बसून त्याच्या तोंडून ऐकणं, यात फरक होता. तो पाठ करून झोपला की त्याच्या खांद्याकडे बघत ती पडून राहायची. पूर्वी झोपायच्या आधी तो तिच्या वेणीचं टोक उगाच बोटांत धरायचा, तेही बंद झालं होतं. असल्या गोष्टी कशा मागायच्या? आणि मागून मिळाल्या तर त्यांचं काय करायचं?

गणपतीच्या आधी खालच्या मजल्यावरचे शहाजी निकम आले. हा साताऱ्याकडचा उत्साही गडी दरवर्षी सोसायटीचे सामने भरवायचा. विलास घरी नव्हता.

"वहिनी, विलासराव आमच्यावर चिडल्यात का?"

"का हो, काय झालं?"

"कॅरमच्या डबल्सला तुमचं दोघांचं नाव घालतो म्हटलं, तर वसकन अंगावर आले. नाव घालाल तर सोसायटीत पाय ठेवणार नाही म्हणाले. गेली सहा वर्षं कप तुमच्याच घरात हाय. यंदा काय बिनसलं?"

सरोजिनीने चहा केला, हसून वेळ मारून नेली. निकम गेल्यावर मात्र ती स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिली. माझ्याबरोबर बसायला नको, असंच ना? त्या संध्याकाळी ती विलासशी एक शब्दही बोलली नाही. वाईट याचं वाटलं, की त्याला ते कळलंच नसावं. घर होतं तसंच गप्प होतं.

गणपती झाले. दिवाळीच्या आधीच्या रविवारी विलास नेहमीसारखा इस्त्री करायला बसला. हे काम तो दुसऱ्या कुणाला करू द्यायचा नाही. रेडिओवर बातम्या चालल्या होत्या. सरोजिनी आत चिवड्याचे पोहे भाजत होती. तिला जळका वास आला. आधी वाटलं पोहे लागले, मग वाटलं कपडा जळला. ती बाहेर आली.

विलास रेडिओकडे तोंड करून ऐकत होता. उजव्या हाताने तो कॉलर सरळ करत होता. डावा हात टेबलावर टेकलेला होता आणि त्या हाताच्या करंगळीची बाजू उभ्या ठेवलेल्या गरम इस्त्रीला चिकटली होती.

"अहो! हात!"

तिने धावत जाऊन हात ओढला. कातडी पांढरी पडून सोलवटली होती. विलासने आधी तिच्याकडे पाहिलं, ही का ओरडते म्हणून, आणि मग हाताकडे. त्याच्या तोंडून साधं "स्स" सुद्धा निघालं नाही. सरोजिनी त्यानेच घाबरली.

"दुखत नाहीये?"

"नाही," तो म्हणाला. मग हाताकडे बघत म्हणाला, "मला कळलंच नाही, सरोज."

तिने हात नळाखाली धरला. पाणी वाहत होतं. दोघं मोरीशी उभी होती, दोघांची नजर त्या हातावर होती. आणि तिथे, पाण्याच्या आवाजात, विलास बोलायला लागला.

"गेलं वर्षभर असंच आहे. आधी पाय. कापसावरून चालल्यासारखं वाटायचं. मग बोटं. मोजे घातल्यासारखी. दोन्ही हातांची. बटण लागत नाही, भात बोटांत आहे की सांडला ते बघावं लागतं. आणि उजव्या हाताचं मधलं बोट सकाळी वाकलेलंच राहतं. दुसऱ्या हाताने उघडावं लागतं. टक असा आवाज येतो. तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून मी आत जाऊन बसतो."

"शुगर?"

"ऑफिसच्या तपासणीत निघाली होती. जुनी गोष्ट आहे. गोळ्या दिल्या होत्या. कधी घेतल्या, कधी नाही. त्रास काहीच नव्हता ना."

"आणि कॅरम?"

विलासने नळ बंद केला.

"स्ट्रायकर बोटाला लागला की नाही, तेच कळत नाही गं. त्या दिवशी, मार्चमध्ये, आपण खेळत होतो बघ. तू राणी घेतलीस. मी मारायला गेलो आणि मला वाटलं मारला. बोट पुढे गेलं होतं, स्ट्रायकर जागेवरच होता. तू पावडर घ्यायला वळली होतीस, म्हणून तुला दिसलं नाही."

"मग मला सांगायचं नाही? सहा-सात महिने मी काय काय समजून बसले!"

"सांगणार होतो." तो ओशाळून म्हणाला. "पण सांगायचं कुठे? आपण जे काही सांगायचो ते बोर्डावर. आणि बोर्डावर बसायचं कसं?"

सरोजिनीला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू. आत पोहे खरंच करपले होते.

दुसऱ्या दिवशी ती शाळेतून अर्धी रजा घेऊन त्याला वाशीतल्याच डॉक्टर गीतांजली दळवींकडे घेऊन गेली. डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या, पण घाई न करणाऱ्या होत्या. त्यांनी जखम पाहिली, पट्टी बांधली, पावलं तपासली. मग म्हणाल्या, "सुर्वे, मला नमस्कार करा."

विलास गोंधळला. "नमस्कार."

"तोंडाने नको. हात जोडा. घट्ट."

त्याने हात जोडले. तळव्यांच्या कडा टेकल्या, बोटांची टोकं टेकली, पण मधे फट राहिली. बोटं वाकलेलीच राहिली होती, काही केल्या एकमेकांवर सपाट बसेनात. सरोजिनी त्या फटीकडे बघत राहिली. रोज देवासमोर हात जोडणारा हा माणूस, आणि आपल्याला कधी दिसलं नाही.

डॉक्टरांनी कापसाची वात त्याच्या बोटांवरून फिरवली. "डोळे मिटा. लागलं की सांगा." त्यांनी बऱ्याच वेळा फिरवली. विलास वाट बघत डोळे मिटून बसला होता. मनगटाच्या वर आल्यावर म्हणाला, "आत्ता."

"साखर बरीच वर्षं वाढलेली राहिली की नसा मरगळतात," डॉक्टर म्हणाल्या. "सांध्यांजवळची कातडी जाड होते, म्हणून बोटं ताठरतात. अडकणाऱ्या बोटाची दोरी मोकळी करता येईल, छोटं ऑपरेशन आहे. ताठरपणा व्यायामाने थोडा कमी होईल. साखर ताब्यात ठेवली तर आहे त्यापेक्षा बिघडणार नाही, एवढी आशा धरू."

"आणि स्पर्श?" सरोजिनीने विचारलं. "तो येईल ना परत?"

"खोटा शब्द देणार नाही मी. थोडा येईल, कदाचित येणारही नाही. आजपासून यांनी कुठल्याही वस्तूला हात लावायचा तो बघून. गरम, धारदार, सगळं. पायांचे तळवेसुद्धा रोज बघायचे."

त्यानंतरचा हिवाळा पथ्यात गेला. विलास गोळ्या वेळेवर घ्यायला लागला, कारण त्या सरोजिनी हातावर ठेवायची आणि तो गिळेपर्यंत उभी राहायची. जखम भरायला फार दिवस लागले. पुढे बोटाचंही ऑपरेशन झालं. टाके निघाले, बोट विनाआवाज उघडायला लागलं, तेव्हा जाईने टाळ्या वाजवल्या. सरोजिनीने त्याच संध्याकाळी स्टूल मांडलं, बल्ब खाली ओढला. विलास येऊन समोर बसला.

त्याने मन लावून नेम धरला. स्ट्रायकर तिरका जाऊन सरळ खिशात पडला. पुढच्या वेळी तो फार जोरात गेला, त्याच्या पुढच्या वेळी रेघही ओलांडली नाही. बोटाकडे बघायचं की सोंगटीकडे, हेच त्याला ठरवता येईना. सरोजिनी मुद्दाम हुकवायला लागली. चारपाच डावांत त्याच्या ते लक्षात आलं.

"असं करू नकोस," तो म्हणाला.

"काय केलं मी?"

"मला खेळ कळतो अजून. तेवढं गेलेलं नाही."

त्याने स्ट्रायकर बोर्डाच्या मध्यावर ठेवला आणि उठला. पुढच्या आठवड्यात सरोजिनी शाळेतून आली तर भिंतीपाशी कॅरम नव्हता.

"निकमांना सांगून सोसायटीच्या हॉलवर दिला," विलास म्हणाला. "पोरं खेळतील."

"मला न विचारता?"

"तो समोर दिसला की मला..."

सरोजिनीला राग आला, पण तिने आरडाओरडा केला नाही. संध्याकाळी खालून हॉलमधून खटखट ऐकू यायची. खेळणाऱ्यांत कुणाचा फटका बरा, कुणाचा कच्चा, हे तिला आवाजावरून कळायचं. आपला बोर्ड दुसऱ्यांच्या हाताखाली वाजतोय, हे तिला ऐकवत नव्हतं. एकदा खाली जाऊन तो परत मागावा, असं मनात आलं. जिन्यापर्यंत जाऊन ती परत फिरली. बोर्ड आणला असता, समोर बसणारा कुठून आणणार?

शेवटी तीच बोलली. विलास टेबलाशी चहा पीत होता. कप दोन्ही हातांनी धरून, त्याच्यावर नजर ठेवून.

"मला खेळायचं नव्हतं हो," ती म्हणाली. "जिंकायचं तर कधीच नव्हतं. मला तुमच्याशी बोलायचं होतं."

"मग बोल ना."

ती समोरच्या खुर्चीवर बसली. दोघं एकमेकांकडे बघत राहिली. इतक्या वर्षांच्या संसारात अशी रिकामी समोरासमोर ती कधी बसली नव्हती. नजर कुठे ठेवायची, कळेना. विलासने घसा साफ केला. सरोजिनीने टेबलावरचा नसलेला कचरा झाडला.

"त्या... शाळेत काय म्हणतायत?"

"ठीक आहे."

विलासने पुन्हा घसा साफ केला. मग विलास खो खो हसायला लागला आणि तीही. जाई बाहेर येऊन म्हणाली, "काय झालं?" दोघांनाही सांगता येईना.

"जाऊ दे," सरोजिनी डोळे पुसत म्हणाली. "हात द्या इकडे. डॉक्टरांनी दाखवलेला व्यायाम आज केलाच नाहीत तुम्ही."

व्यायाम साधा होता. हात टेबलावर उपडा ठेवायचा आणि दुसऱ्याने एकेक बोट सरळ दाबून थोडा वेळ धरून ठेवायचं. एरवी विलास तो आपला आपणच उरकायचा, अर्धामुर्धा. सरोजिनीने त्याचा तळवा टेबलावर पसरला आणि बोट दाबून धरलं. दोघांची नजर आपोआप खाली गेली, हातावर.

"धाकट्याने नवीन जागा बघितलीय डोंबिवलीला," विलास म्हणाला.

"तो फोन आला होता ना, तेव्हाच मला वाटलं."

"आईला तिकडे नेणार म्हणतो. तिला जायचं नाहीये. मला म्हणाली, तू बोल त्याच्याशी."

"बोललात?"

"नाही. काय बोलू, ते तुला विचारायचं होतं."

ती एकेका बोटावरून पुढे सरकत राहिली. तिसरीतल्या मुलाचा निबंध तिने त्या दिवशी सांगितला, इतक्या महिन्यांनी. विलासने विचारलं, मग तू त्याला मार्क किती दिलेस? बाहेर दिवे लागले. खालच्या हॉलमध्ये खेळ सुरू झाला. त्या आवाजाने सरोजिनीचा हात थोडा थांबला. विलासच्या ते लक्षात आलं. बोटाला कळलं नव्हतं, डोळ्यांना दिसलं होतं.

मग ते रोजचंच झालं. बोटं थोडी सरळ झाली. चैत्रात डॉक्टरांनी पुन्हा हात जोडायला लावले तेव्हा फट पहिल्यापेक्षा लहान होती. कापसाची वात मात्र त्याला अजून मनगटाच्या वरच कळत होती.

एका संध्याकाळी विलासने डोळे मिटले. "थांब. आत्ता कुठलं बोट धरलंयस, मी सांगतो."

सरोजिनी श्वास रोखून थांबली.

"अंगठ्याजवळचं?"

तिने मधलं धरलं होतं. "नाही," ती म्हणाली.

त्याने डोळे उघडून पाहिलं आणि मान हलवली. मग म्हणाला, "तुझी बोटं खडूने खरखरीत झालेली असायची. शाळेतून आलीस की चहाचा कप देताना लागायची. मला आवडायचं ते. कधी बोललो नाही."

"बोर्डावरसुद्धा नाही," ती म्हणाली.

"अजून तशीच आहेत का गं?"

सरोजिनीने आपल्या बोटांकडे पाहिलं. टोकांशी पांढरी रेघ होती, कातडी फुटली होती. तिला खूप वाटलं, की ती त्याच्या गालावर ठेवावीत. जाई आत अभ्यास करत होती, दार उघडं होतं. तिने ठेवली.

विलासने डोळे मिटून घेतले.

"तशीच आहेत," तो म्हणाला.

तिने हात तिथेच राहू दिला. मग स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि ती उठली. गॅस बंद करून परत आली, तेव्हा विलासने दुसरा हात टेबलावर पसरून ठेवला होता.